विद्यापीठाचं नाट्यगृह नव्यानं सजवताना खुर्च्या शेवटी घ्या

नाट्यगृहाच्या नूतनीकरणाला निधी मंजूर झाला की पहिलं कोटेशन येतं ते खुर्च्यांचं. खुर्ची दिसते, तिचा रंग निवडता येतो, उद्घाटनाच्या फोटोत ती उठून दिसते. पण सभागृहात खुर्च्या किती बसणार हे दारांची रुंदी, ओळींची उंची आणि व्हीलचेअरच्या जागा ठरवतात. हे हिशेब व्हायच्या आत सहाशे खुर्च्यांची ऑर्डर गेली, की नंतर दार रुंद करायला किंवा मधली वाट मोकळी ठेवायला कोणी तयार होत नाही. म्हणून कामाचा क्रम असा धरावा: छप्पर, वीज, आग, बाहेर पडायच्या वाटा, रॅम्प, मग ओळी, आवाज, हवा आणि सगळ्यांत शेवटी खुर्च्या.

पुढचे आकडे कोल्हापुरातल्या, ६०० आसनांच्या, पत्र्याचं छप्पर असलेल्या, जोत्यावर उभ्या जुन्या सभागृहासाठी धरले आहेत. आपल्या इमारतीचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

पाऊस आधी, बाकीचं मागून

कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलं काम वाळत नाही. छप्पर मे संपायच्या आत पाणीबंद झालं पाहिजे. पावसाळ्यात आतलं वायरिंग, पाइप, उद्यमनगरातल्या कारखान्यांतून करून घ्यायचे रेलिंग आणि लोखंडी सांगाडे उरकावेत. प्लायवूड, पॉलिश, जिप्सम बोर्ड आणि कार्पेट यांना दसऱ्याच्या आधी हात लावू नये. ऑगस्टमध्ये फिट्ट बसवलेलं प्लाय मार्चमध्ये सुकून फटी देतं. मार्चमध्ये कडेला कड भिडवून बसवलेलं प्लाय जुलैत फुगून वर उचलतं. स्टेजच्या फळ्यांत ३ मिमी फट ठेवली की हा त्रास वाचतो. तोडफोडीचं वेळापत्रक परीक्षा विभागाला आधीच दाखवून घ्यावं, नाहीतर ब्रेकर सुरू होतो आणि अर्ध्या तासात बंद करावा लागतो.

गळती बहुतेक वेळा पत्र्याच्या मधून येत नाही. ती पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टच्या गंजलेल्या वॉशरमधून, दोन उतारांमधल्या पन्हाळीतून आणि भिंतीला पत्रा टेकतो तिथून येते. जुना पत्रा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर तो कोरडा कापू किंवा फोडू नये; ओला करून, बोल्ट काढून, अख्खा उतरवावा आणि कामगारांना योग्य मास्क द्यावेत. नवा पत्रा टाकताना स्क्रू उंच नळीवर मारावा आणि ईपीडीएम रबराचा वॉशर वापरावा.

गळती थांबली तरी पावसाचा आवाज थांबत नाही. उघड्या पत्र्यावर जोराची सर आली की दहाव्या ओळीत संवाद ऐकू येत नाही. उपाय म्हणजे वजन आणि तुटक सांधा. पत्र्याखाली ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटर घनतेची ५० मिमी रॉकवूल, तिच्याखाली पोकळी आणि रबरी हँगरवर टांगलेले १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर. हँगर थेट छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीला घट्ट बोल्ट केला तर आवाज लोखंडातूनच खाली येतो आणि खर्च वाया जातो. हे वजन जुन्या कैच्या पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. थर्माकोलची किंवा उघड्या फोमची सीलिंग स्वस्तात होते, पण पेटल्यावर जळते थेंब आणि विषारी धूर प्रेक्षकांवरच येतो.

छपराबरोबरच वाळवीचंही बघावं. आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतींची पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यावर दर ३०० मिमीला १२ मिमीचं भोक आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. स्टेजखालची पोकळी यातून हमखास सुटते, आणि वाळवी नेमकी तिथंच असते.

वीज

जुन्या रंगमंचावर १००० वॉटचे ४० दिवे असतील तर भार ४० किलोवॉट. तीन फेजमध्ये सारखा वाटला तरी प्रत्येक फेजवर सुमारे ५८ अँपिअर. त्याच प्रकाशासाठी २०० वॉटचे एलईडी घेतले तर एकूण ८ किलोवॉट. म्हणजे एलईडीवर जायचं ठरलं असेल तर मोठे केबल आणि डिमर (दिवे मंद करायचं उपकरण) घ्यायच्या आधीच ठरवावं. बाहेरून येणाऱ्या संस्था स्वतःचे हॅलोजन आणतात. त्यांच्यासाठी दोन्ही विंगांत एकेक ३२ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट द्यावा, नाहीतर ते मेन बोर्डात उघड्या तारा खोचतात.

थायरिस्टर डिमर चालू असताना न्यूट्रलमधून अपेक्षेपेक्षा जास्त प्रवाह जातो, कारण तिसऱ्या पटीच्या लहरी तिन्ही फेजमध्ये एकमेकींना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. डिमर ठेवणार असाल तर न्यूट्रल निम्म्या जाडीचा चालणार नाही. फेजइतका किंवा त्याहून जाड हवा. जुन्या बोर्डात न्यूट्रलची पट्टी काळी पडलेली दिसते ती यामुळे.

प्रेक्षागृहात आणि स्टेजवर हॅलोजनमुक्त, कमी धुराचे केबल वापरावेत. एफआरएलएस नावानं मिळणारी ज्वालारोधक केबल सहज पेट घेत नाही, पण ती पीव्हीसीच असते. जळताना आम्लयुक्त धूर सोडते. बंद सभागृहात माणसं आधी धुरानंच गुदमरतात. स्पीकर-मिक्सरची लाइन दिव्यांच्या बोर्डातून घेऊ नये, नाहीतर दिवे मंद केले की स्पीकर गुणगुणतो.

इन्सुलेशनची ५०० व्होल्ट मेगर चाचणी (तारेच्या आवरणातून वीज झिरपते का हे बघणारी) एप्रिलमध्ये करून फाइल बंद केली जाते. ती भर पावसाळ्यातही करावी. कोरड्या हवेत पास झालेली लाइन ओल्या भिंतीत एक मेगाओहमच्या खाली येते. आणखी एक तपासणी: सगळे दिवे पूर्ण चालू ठेवून अर्ध्या तासानं बोर्डांवर थर्मल कॅमेरा फिरवावा. ढिला सांधा लगेच दिसतो.

प्रेक्षागृहातले दिवे एका बटणात पूर्ण उजळले पाहिजेत. हे बटण डिमरच्या बाहेरून जोडायचं आणि तीन ठिकाणी द्यायचं: विंगेत, कंट्रोल रूममध्ये आणि मुख्य दाराशी. आणीबाणीचे दिवे स्वतःच्या बॅटरीवर किमान दीड तास चालणारे असावेत. जनरेटर सुरू व्हायला लागणारे काही सेकंद अंधारात फार मोठे असतात.

पडदा, नेपथ्य आणि धूर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि १९१५ पासूनची ही वास्तू रंगमंचापासून छपरापर्यंत जळाली. त्यानंतर कोल्हापुरात अग्निसुरक्षेचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी तयारी चार सिलिंडर भिंतीला लावण्यापाशी थांबते.

सुरुवात पडद्यापासून करावी. पडदे आणि झालरींच्या कापडाचं आयएस १५७४१ प्रमाणे प्रमाणपत्र मागावं आणि ते कापडाच्या ताग्याच्या क्रमांकासह असावं. नाहीतर दाखवलेलं कापड एक आणि आलेलं दुसरं. इचलकरंजीचं जाड सुती कापड घेऊन त्यावर प्रक्रिया करायची असेल तर जुनं मिश्रण चालतं: १०० लिटर कोमट पाण्यात ७ किलो बोरॅक्स आणि ३ किलो बोरिक ॲसिड. आधी कोपऱ्यावर रंग उतरतो का बघावं, मग कापड निथळेपर्यंत भिजवून पसरून वाळवावं. हातमोजे घालावेत. हे मिश्रण सुती कापडाला आणि लाकडाला चालतं. पॉलिएस्टरवर त्याचा भरवसा नाही, तिथं मुळातच ज्वालारोधक धाग्याचं कापड घ्यावं. एका धुण्यात प्रक्रिया निघून जाते. दमट हवेत हे क्षार ओल धरतात, त्यामुळे लोखंडी कड्या गंजतात. पितळी किंवा स्टेनलेस कड्या लावाव्यात.

दर पावसाळ्यानंतर चाचणी करावी. पडद्याच्या खालच्या दुमडीतून १२ मिमी रुंद आणि १०० मिमी लांब पट्टी कापायची, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून चिमट्यात उभी धरायची आणि खालच्या टोकाला काडीची ज्योत १२ सेकंद लावायची. ज्योत पूर्ण पट्टीभर पसरली, काढल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकली किंवा खाली पडलेला थेंब जळत राहिला, तर तो पडदा उतरवावा.

धूर रंगमंचावरून वर जायला वाट नसेल तर तो दर्शनी चौकटीखालून प्रेक्षकांत शिरतो. स्टेजच्या छपरात धुराचे झरोके हवेत. स्टेजच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्के हे प्रमाण अमेरिकी मानकांत आहे आणि ते धरायला हरकत नाही. १५ बाय १० मीटरच्या स्टेजला साडेसात चौरस मीटर. झरोका सुमारे ७० अंशांना वितळणाऱ्या कडीनं आपोआप उघडावा आणि विंगेतल्या दोरीनं हातानंही. आडवा झरोका कोल्हापूरच्या पावसात गळतो आणि मग कोणीतरी तो सिलिकॉननं कायमचा बंद करून टाकतो. ३०० मिमी उंच कठड्यावर उभ्या झडपांचा करावा.

स्टेजवर धूर ओळखणारे डिटेक्टर लावले तर नटराजपूजनाचा धूप किंवा नाटकातलं स्मोक मशीन त्यांना वाजवतं. दोनदा असं झालं की तिसऱ्या वेळी पॅनेलच बंद केलेलं सापडतं. स्टेजवर उष्णतावाढ ओळखणारे डिटेक्टर लावावेत, धूर ओळखणारे प्रेक्षागृहात आणि रंगपटात. तात्पुरतं बंद करायचं बटण किल्लीचं आणि ठरावीक वेळेनं आपोआप पुन्हा चालू होणारं हवं. समई आणि उदबत्ती यांना पितळी परात द्यावी आणि पूजेनंतर ती उचलून बाहेर नेणारं माणूस नावानं ठरवावं. युवा महोत्सवात एकांकिकेच्या सेटवर थर्माकोल, साटीन आणि प्लॅस्टिकची फुलं येतात. दिव्यापासून एक मीटरच्या आत यांतलं काही नको, ही अट नाट्यगृहाच्या बुकिंग फॉर्मवरच छापावी.

दिवे टांगायचा पाइप ४० एनबीचा, म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी घ्यावा. बाजारातले क्लॅम्प त्याच मापाला बसतात. प्रत्येक दिव्याला वेगळी सेफ्टी वायर. वायररोपच्या क्लिपमध्ये यू-बोल्टचा भाग रोपच्या मोकळ्या टोकाकडे आणि खोगीर वजन पेलणाऱ्या बाजूला येतं. उलट लावलेली क्लिप वजनाच्या रोपलाच चिरडते.

बाहेर पडायच्या वाटा

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये सपाट वाटांना माणशी ६.५ मिमी आणि जिन्यांना माणशी १० मिमी रुंदी धरली आहे. ६०० माणसांना दारं मिळून ३.९ मीटर. सभागृहाचं बाहेर जायचं दार किमान २ मीटर रुंद हवं, म्हणून कागदावर दोन दारांत काम भागतं. पण आग एका दाराशी लागली तर? सगळ्यांत मोठं दार बंद धरून उरलेल्या दारांचा हिशेब करावा. त्यात ३.९ मीटर बसत नसेल तर तिसरं दार काढावं, ते जमत नसेल तर आसनं कमी करावीत. बाल्कनीत १५० माणसं असतील तर हिशेबानं दीड मीटरचा जिना पुरतो, तरी २ मीटरपेक्षा अरुंद नको. पायरी १५० मिमीपेक्षा उंच आणि ३०० मिमीपेक्षा अरुंदही नको.

दार बाहेरच्या बाजूला उघडावं, त्याला पॅनिक बार (आतून ढकलताच दार उघडणारा आडवा दांडा) असावा आणि उघडलेली फळी मार्गिका अडवणार नाही हे बघावं. बिनतिकिटाचे आत शिरतात म्हणून बाजूच्या दारांना साखळी आणि कुलूप लावायची सवय सगळीकडे आहे. पॅनिक बारचं दार बाहेरून उघडतच नाही, त्यामुळे साखळीचं कारणच राहत नाही. दार उघडल्यावर कंट्रोल रूममध्ये वाजणारा साधा बझर जोडला की व्यवस्थापकही निवांत होतो. मग उरतं ते बाहेरचं कोलॅप्सिबल गेट आणि दाराच्या तोंडाशी लावलेल्या दुचाकी. गेट काढून टाकावं. दुचाकींसाठी नुसती पिवळी पट्टी पुरत नाही, लोखंडी खुंट रोवावे लागतात, तेही व्हीलचेअर जाईल असे, मध्ये किमान ९०० मिमी मोकळे ठेवून.

रॅम्प, व्हीलचेअर आणि स्टेजपर्यंतची वाट

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आणि २०२१ ची सुगम्यतेची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवूनच नकाशा काढावा. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. जोतं ६०० मिमी उंच असेल तर ७.२ मीटर रॅम्प, वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, एकूण १०.२ मीटर. जोतं ९०० मिमी असेल तर १०.८ मीटर उतार, मध्ये एक विसावा आणि दोन टोकं धरून १५.३ मीटर, एवढी सरळ जागा नसते, म्हणून वळणाचा रॅम्प, आणि वळणावर १.५ बाय १.५ मीटर तरी मोकळं. रुंदी किमान १.२ मीटर. दोन्ही बाजूंना ७६० आणि ९०० मिमीवर दोन कठडे, टोकाला ३०० मिमी पुढे काढलेले. पॉलिश कोटा फरशी पावसात रॅम्पवर घातक आहे. खरखरीत पृष्ठभाग आणि वर छप्पर हवं.

चुका बहुधा टोकांना होतात. रॅम्प उत्तम असतो आणि वर ४० मिमीचा उंबरठा राहतो, किंवा खाली गटाराच्या जाळीत पुढचं छोटं चाक अडकतं. जाळीची फट १२ मिमीपेक्षा जास्त नको.

आत व्हीलचेअरची जागा ९०० मिमी रुंद आणि सुमारे १३०० मिमी खोल. शंभर आसनांमागे एक, आणि कितीही लहान सभागृह असलं तरी चारपेक्षा कमी नकोत. सगळ्या पुढच्या ओळीत ठेवू नयेत. तिथून मान वर करून तीन अंक बघणं ही शिक्षा आहे. काही मधल्या आडव्या मार्गिकेवर द्याव्यात, शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची. तिथं पुढच्या ओळीपेक्षा मजला इतका उंच हवा की राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले तरी बसलेल्या माणसाला रंगमंच दिसेल.

विद्यापीठात पारितोषिक घ्यायला, बोलायला, नाटक करायला व्हीलचेअरवरचा विद्यार्थी स्टेजवर जातो, आणि नेमकी हीच वाट नकाशात नसते. खुर्चीसकट चौघांनी उचलून नेणं ही सोय नव्हे. सामान आणायच्या दारातून विंगेत रॅम्प निघतो का बघावं, नाहीतर प्लॅटफॉर्म लिफ्ट. रंगपटातही एक सुगम्य स्वच्छतागृह: २ बाय २.२ मीटर, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, ९०० मिमी मोकळं.

स्वच्छतागृहांचा विषय निघालाच आहे तर. मध्यंतर १५ मिनिटांचं, एकीला अडीच मिनिटं, म्हणजे एका भांड्याला सहा जणी. तीनशे महिलांपैकी शंभर जणी गेल्या तरी १७ भांडी लागतात. आठ असतील तर रांग अर्धा तास चालते आणि दुसरा अंक रिकाम्या खुर्च्यांसमोर सुरू होतो.

ओळींची उंची

पुढच्याच्या डोक्यावरून दिसायला मागच्याची नजर १२० मिमी वर जावी लागते. खुर्च्या अर्ध्या खुर्चीनं सरकवून एकाआड एक बसवल्या तर ६० मिमीवर भागतं. नजरेचा बिंदू स्टेजच्या कडेपासून अर्धा मीटर आत, जमिनीवर धरावा, कारण लावणीत आणि भरतनाट्यममध्ये पाय दिसले पाहिजेत.

समजा एका ओळीतल्या प्रेक्षकाचा डोळा त्या बिंदूपासून १० मीटर लांब आणि ०.५ मीटर उंच आहे, ओळींतलं अंतर ०.९५ मीटर. डोळ्याच्या उंचीत ०.१२ मिळवायचे: ०.६२. त्याला १०.९५ भागिले १० नं गुणायचं: ०.६७९. त्यातून ०.५ वजा केले की १७९ मिमी, म्हणजे मागची ओळ सुमारे १८० मिमी उंच. ६० मिमीचा मापदंड धरला तर ११३ मिमी. हा हिशेब प्रत्येक ओळीसाठी नव्यानं करावा लागतो, कारण उंची आणि अंतर दोन्ही बदलतात. एकच उतार सगळीकडे दिला की मागच्या ओळी फसतात. खात्रीसाठी स्टेजवर खिळा ठोकून दोरी मागच्या ओळीच्या डोळ्यापर्यंत ताणावी आणि पुढच्या खुर्चीत एक उंच विद्यार्थी बसवावा.

मार्गिकेत १८० मिमीची पायरी चालणार नाही. ती ९०-९० च्या दोन करावी. सगळ्या पायऱ्या सारख्या, कडेला ५० मिमीची ठळक रंगाची पट्टी आणि खाली मंद दिवा. नव्या पायऱ्यांचा सांगाडा ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भाराला तपासावा, आणि त्याच्या पोकळीत सामान ठेवायला दार करू नये, ते गोदाम होतं.

आवाज आणि हवा

३००० घनमीटरच्या सभागृहात संवादासाठी निनाद, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सुमारे एक सेकंद हवा, म्हणजे ०.१६१ गुणिले ३००० भागिले १, सुमारे ४८० चौरस मीटर शोषण. गादीच्या ६०० खुर्च्या माणसांसह २७० च्या आसपास देतात. उरलेलं मागच्या भिंतीवर आणि सीलिंगच्या कडांना द्यावं. स्टेजजवळच्या भिंती आणि सीलिंगचा मधला भाग टणकच राहू द्यावा, तिथूनच आवाज मागे पोचतो. सगळ्या भिंतींना कार्पेट चिकटवलेल्या सभागृहात नट घसा फोडतो आणि तरी मागे ऐकू जात नाही.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप (आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारं तारेचं वेटोळं) लावायचा तर तार फरशीखाली जाते, म्हणजे खुर्च्यांच्या आधी. सळ्यांच्या स्लॅबमध्ये सिग्नल कमजोर पडतो. आयईसी ६०११८-४ या मानकाप्रमाणे मोजून घ्यावा, आणि दिवे अर्धे मंद करूनही ऐकावा.

स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतात. दुसऱ्या अंकात जांभया येतात त्या बऱ्याचदा यामुळे. अशरे ६२.१ या ताज्या हवेच्या अमेरिकी मानकातले माणशी २.५ लिटर आणि चौरस मीटरला ०.३ लिटर प्रति सेकंद धरले तर ६०० माणसं आणि ६०० चौरस मीटरला ताशी सुमारे ६००० घनमीटर ताजी हवा लागते. माणसांची उष्णताच ६० किलोवॉट, म्हणजे १७ टनांचा एसी. छप्पर, दिवे आणि ताज्या हवेचा भार त्यावर वेगळा.

आता खुर्च्या

बसण्याची रुंदी ५५० मिमी, उठल्यावर आपोआप मिटणारी बैठक, दोन्ही बाजूंना मार्गिका असेल तर ओळीत १४ पेक्षा जास्त नकोत, एकीकडेच असेल तर ७. बोल्ट फरशीखालच्या चुन्या-वाळूच्या थरात अडकले की वर्षभरात ओळ डुलायला लागते. ते काँक्रीटपर्यंत पोचले पाहिजेत. व्हीलचेअरच्या दोन जागांवर काढता येणाऱ्या खुर्च्या बसवाव्यात. शेकडा दोन बैठका आणि बिजागऱ्या जादा मागवाव्यात, पुढे तोच रंग मिळत नाही.

ताबा घेण्याआधी विद्यार्थी भरून, सगळे दिवे दोन तास चालवून, न सांगता मेन स्विच पाडावा आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत वेळ मोजावा. त्यात व्हीलचेअर वापरणारे, काठीनं चालणारे आणि बहिरे विद्यार्थी असावेत. भोंगा ऐकू न येणाऱ्यासाठी लुकलुकणारा दिवा लागतो का, हे तेव्हाच कळतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'बी' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. जुलैच्या फेरीत मेगर चाचणी जोडून घ्यावी, जानेवारीच्या फेरीत पडद्याच्या पट्टीची चाचणी, आणि दोन्ही वेळा बाजूच्या दारांमागे ठेवलेले नेपथ्याचे फ्लॅट (कापड-प्लायच्या उभ्या चौकटी) हलवायला गडी सोबत न्यावेत.